खुब्यातील धातू आणि हृदयाची लय

(पुण्यात ज्येष्ठ नागरिक व त्यांच्या कुटुंबीयांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पुणे हे चालणाऱ्या माणसांचे शहर आहे. पहाटे तळजाईच्या वाटेवर, सारसबागेच्या परिसरात किंवा पर्वतीच्या १०३ पायऱ्यांवर गेले, की सत्तरी ओलांडलेली कितीतरी मंडळी उत्साहाने पावले टाकताना दिसतात. त्यांपैकी कित्येकांच्या शरीरात आज एखादा कृत्रिम सांधा आहे. कोणाचा गुडघा बदललेला आहे, कोणाचा खुबा. तीस-चाळीस वर्षांपूर्वी खुब्याचे हाड मोडले, की त्या घरातील आजी अंथरुणाला खिळली असे समजले जाई आणि पुढचे दिवस मोजणे एवढेच नातेवाइकांच्या हाती उरे. आज तीच आजी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वॉकर धरून उभी राहते. शल्यशास्त्राने मानवजातीला दिलेले हे वरदान आहे, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

आपल्या परंपरेलाही ही कल्पना परकी नाही. युद्धात पाय गमावलेल्या विश्पलेला अश्विनीकुमारांनी धातूचा पाय बसवून दिला, असा उल्लेख ऋग्वेदात आहे. त्यावरून त्या काळी आजच्यासारखी शस्त्रक्रिया होत होती असा निष्कर्ष काढण्याची घाई कोणी करू नये. पण जखमी देहाला धातूचा आधार देऊन माणसाला पुन्हा कर्तव्यासाठी उभे करावे, ही आकांक्षा या भूमीत फार पुरातन आहे, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

आजचा विषय मात्र या वरदानाच्या एका काळोख्या कोपऱ्याविषयी आहे. खुब्यात बसवलेला धातू झिजून रक्तात उतरला, तर तो हृदयापर्यंत पोहोचू शकतो. हृदयाचा स्नायू दुबळा करू शकतो. त्याची लय बिघडवू शकतो. विषय वैद्यकीय आहे, पण केवळ डॉक्टरांचा नाही. आपल्या देशातील हजारो रुग्णांच्या शरीरात सदोष ठरलेला सांधा बसवला गेला आणि त्यांतील बहुसंख्य रुग्णांचा पुढे पत्ताच लागला नाही, ही वस्तुस्थिती आहे. म्हणून हा विषय समाजाचाही आहे.

सांध्यांच्या तीन जोड्या

खुब्याचा सांधा म्हणजे एक वाटी आणि तिच्यात फिरणारा एक गोळा. वाटी कमरेच्या हाडाची, गोळा मांडीच्या हाडाचा माथा. दोन्हींवर कूर्चेचे गुळगुळीत अस्तर असते. ते झिजले किंवा हाडाचा रक्तपुरवठा बंद होऊन माथा खचला, की प्रत्येक पाऊल वेदनेचे होते. अशा वेळी शल्यविशारद दोन्ही भाग काढून कृत्रिम वाटी आणि कृत्रिम गोळा बसवतात.

या वाटी-गोळ्याच्या जोडीत कोणते पदार्थ एकमेकांवर घासतात, यावर पुढचे सारे अवलंबून असते. १९६० च्या दशकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी धातूचा लहान गोळा आणि पॉलिथिलीनची वाटी अशी जोडी रूढ केली. आधुनिक खुबा-प्रत्यारोपणाचा पाया त्यांनीच घातला. दुसरी जोडी सिरॅमिकच्या गोळ्याची. ती पॉलिथिलीनवर किंवा सिरॅमिकवरच फिरते. तिसरी जोडी धातूवर धातूची. तिच्यात वाटीही कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूची आणि गोळाही त्याचाच.

तिसऱ्या जोडीचे आकर्षण समजण्यासारखे होते. पॉलिथिलीन कालांतराने झिजते, धातू कणखर असतो, म्हणून तरुण आणि धडपड्या रुग्णाला धातूचा सांधा दीर्घकाळ साथ देईल, असा युक्तिवाद होता. शिवाय धातूचा गोळा मोठ्या आकाराचा करता येतो आणि मोठा गोळा वाटीतून सहजी निसटत नाही. आपल्याकडे खुबा बदलण्याची वेळ येणाऱ्यांत तरुणांचे प्रमाण लक्षणीय असते. हाडाचा रक्तपुरवठा खंडित होणे, सांधे आखडवणारा संधिवात ही त्याची कारणे. मांडी घालून बसणे, उकिडवे बसणे ही आपल्या जीवनपद्धतीची अंगे आहेत. अशा देशात ‘न निसटणारा आणि न झिजणारा’ सांधा रुग्णांना आणि डॉक्टरांना हवाहवासा वाटला, यात नवल नाही.

दुर्दैवाने तो झिजत होता. दोन धातू एकमेकांवर घासले, की डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म कण सुटतात. पॉलिथिलीनच्या कणापेक्षा हे कण कितीतरी लहान आणि संख्येने अफाट असतात. ते सांध्याभोवतीच्या मांसात साचतात, मांस काळवंडते, गाठी होतात, हाड पोखरले जाते. या कणांपासून विरघळलेले कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात मिसळते. वाटी किंचित तिरकी बसली किंवा तिची घडण उथळ असली, तर गोळा वाटीच्या कडेवर घासतो आणि झीज अनेक पटींनी वाढते.

एएसआर प्रकरण

जॉन्सन अँड जॉन्सन या बलाढ्य अमेरिकी समूहातील डिप्यू या कंपनीने ‘एएसआर’ नावाचा असाच सांधा बाजारात आणला. त्याची वाटी अर्धगोलापेक्षा उथळ होती. अमेरिकेत या मालिकेतील एएसआर एक्सएल या सांध्याला २००५ साली परवानगी मिळाली, तीही रुग्णांवरील स्वतंत्र चाचण्यांविना. आधी बाजारात असलेल्या साधनांशी हा सांधा मिळताजुळता आहे, एवढे दाखवणे तेथील पद्धतीनुसार पुरेसे ठरले. भारतात २००६ साली त्याच्या आयातीला परवाना देण्यात आला.

ऑस्ट्रेलियात प्रत्येक सांधा-प्रत्यारोपणाची राष्ट्रीय नोंदवही ठेवली जाते. कोणत्या कंपनीचा सांधा कोणत्या रुग्णाला कधी बसवला आणि तो पुन्हा कधी काढावा लागला, हे सारे तीत नोंदलेले असते. या नोंदवहीने धोक्याची घंटा वाजवली. एएसआर बसवलेल्या रुग्णांवर फेरशस्त्रक्रियेची वेळ इतर सांध्यांच्या तुलनेत फार वारंवार येत होती. २००९ च्या अखेरीस हा सांधा ऑस्ट्रेलियाच्या बाजारातून काढून घेण्यात आला. ब्रिटनच्या नोंदवहीनेही तेच सांगितले. पाच वर्षांच्या आत दर आठ रुग्णांमागे जवळपास एकाला सांधा बदलून घ्यावा लागत होता. अखेर ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने जगभरातून एएसआर परत मागवला. तोपर्यंत सुमारे ९३ हजार रुग्णांच्या शरीरात तो बसवला गेला होता.

बाजारातील डबा परत मागवता येतो. माणसाच्या कमरेत रुतलेली वाटी परत मागवणे म्हणजे त्याला पुन्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर घेणे. हा फरक लक्षात घेतला, की या घटनेचे गांभीर्य ध्यानात येते.

हृदयापर्यंतचा प्रवास

कोबाल्ट हा शरीराला सर्वस्वी परका पदार्थ नाही. ‘बी-१२’ या जीवनसत्त्वात तो अत्यल्प प्रमाणात असतोच. परंतु अतिरिक्त कोबाल्ट हे विष आहे, आणि ते हृदयाचे विष आहे, हे वैद्यकशास्त्राला एका विचित्र घटनेतून कळले.

१९६५-६६ मध्ये कॅनडातील क्वेबेक शहरात बिअर पिणाऱ्या पुरुषांना हृदयविकाराची साथ आल्यासारखे झाले. धाप लागणे, अंगावर सूज येणे, हृदय फुगणे, नाडी वेगाने धावणे ही लक्षणे. पन्नासच्या आसपास माणसे आजारी पडली आणि त्यांतील सुमारे २० दगावली. शोध घेता असे आढळले, की बिअरचा फेस टिकून राहावा म्हणून कारखान्याने तिच्यात कोबाल्टचे क्षार मिसळण्यास सुरुवात केली होती. मिसळण्याचे थांबवताच नवे रुग्ण थांबले. अमेरिकेतील काही शहरांतही त्याच काळात तसेच रुग्ण आढळले. फेस टिकवण्यासारख्या क्षुल्लक व्यापारी हेतूने माणसांच्या हृदयाशी खेळ झाला होता.

अतिरिक्त कोबाल्ट हृदयात नेमके काय करते? हृदयाचा स्नायू जन्मापासून मृत्यूपर्यंत क्षणभरही विसावा घेत नाही. त्याला अखंड ऊर्जा लागते. ही ऊर्जा निर्माण करणाऱ्या पेशीतील विकरांच्या कामात कोबाल्ट अडथळा आणते. स्नायूच्या आकुंचनासाठी आवश्यक असलेल्या कॅल्शियमच्या ये-जा करण्यातही ते ढवळाढवळ करते. परिणामी स्नायू दुबळा होतो, हृदयाचे कप्पे सैल पडून फुगतात, हृदयाभोवतीच्या आवरणात पाणी साचू शकते.

लयीचा प्रश्न येथेच उद्भवतो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यामागे विजेची एक सूक्ष्म लहर असते. ती वरच्या उजव्या कप्प्यातून निघते आणि ठरलेल्या मार्गाने साऱ्या स्नायूभर पसरते. स्नायू निरोगी असेल, तर ही लहर तबल्याच्या ठेक्यासारखी बिनचूक चालते. स्नायू ताणला गेला, त्याच्यात चट्टे पडले, की तिला जागोजाग अडथळे येतात. ठोके चुकतात, अकारण वेगाने पडू लागतात किंवा फार मंदावतात. लयीतील काही बिघाड नुसते अस्वस्थ करणारे असतात. काहींमुळे माणूस भोवळ येऊन कोसळतो. काही प्राणघातक ठरतात.

२०१० मध्ये अमेरिकेतील अलास्का प्रांतातील एका अस्थिशल्यविशारदाने दोन रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. धातूच्या खुब्यातून झिरपलेल्या कोबाल्टने त्यांच्या हृदयावर आणि मज्जासंस्थेवर परिणाम झाला होता. त्या दोघांपैकी एक रुग्ण ते डॉक्टर स्वतःच होते.

२०१४ मध्ये ‘लॅन्सेट’ या प्रख्यात वैद्यकीय नियतकालिकात जर्मनीतील मारबुर्ग येथील एका ५५ वर्षीय रुग्णाची हकीकत प्रसिद्ध झाली. हृदय निकामी होत चाललेले, दृष्टी अंधुक, ऐकू कमी, थायरॉइड मंदावलेला, अधूनमधून ताप. हृदयाच्या रक्तवाहिन्या मात्र स्वच्छ. अनेक डॉक्टर थकले. शेवटी कारण सापडले ते त्याच्या खुब्यात. आधीचा सिरॅमिकचा सांधा फुटल्यावर त्या जागी धातूचा बसवला होता आणि मागे राहिलेल्या सिरॅमिकच्या कपच्या त्या धातूला कानशीसारख्या घासत होत्या. सांधा बदलला, रक्तातील कोबाल्ट उतरले आणि हृदय काही अंशी सावरले. पूर्ववत मात्र झाले नाही.

या हकीकतीतील धडा प्रत्येक कुटुंबाने लक्षात ठेवावा असा आहे. छातीत धडधडते म्हणून रुग्ण हृदयरोगतज्ज्ञाकडे जातो. ते रक्तदाब विचारतात, साखर विचारतात, तंबाखू-मद्याची चौकशी करतात. खुब्याची करतीलच असे नाही. खुबा दुखतो म्हणून तोच रुग्ण अस्थितज्ज्ञाकडे जातो. ते क्ष-किरण चित्र पाहतात, नाडी पाहतीलच असे नाही. घरची मंडळी म्हणतात, “वय झाले, आता धाप लागायचीच.” दोन तज्ज्ञांच्या मधल्या मोकळ्या जागेत आणि ‘वय झाले’ या दोन शब्दांच्या आड एक उपचारयोग्य आजार लपून राहतो.

धोका किती, भीती किती

येथे विवेकाने बोलणे आवश्यक आहे, कारण अपुरी माहिती जितकी घातक तितकीच अकारण भीतीही घातक.

पहिली गोष्ट, आज बहुसंख्य रुग्णांना बसवले जाणारे खुबे धातू-पॉलिथिलीन किंवा सिरॅमिक-पॉलिथिलीन या जोडीचे असतात. धातूवर धातू घासणारे मोठ्या गोळ्याचे सांधे जगभर जवळजवळ वापरातून गेले आहेत. दुसरी गोष्ट, गुडघ्याचा कृत्रिम सांधा कोबाल्ट-क्रोमियमचा असला, तरी तो पॉलिथिलीनवर घासतो; त्याचा येथे सांगितलेल्या प्रकाराशी संबंध जोडून कोणी घाबरून जाऊ नये. तिसरी गोष्ट, धातूवर धातूचा सांधा असलेल्या प्रत्येकाचे हृदय बिघडते असेही मुळीच नाही. हृदयावर उघड परिणाम झालेले रुग्ण जगाच्या वैद्यकीय साहित्यात विरळाच आहेत आणि त्यांच्या रक्तातील कोबाल्टचे प्रमाण बहुधा फार मोठे होते.

मोठ्या लोकसंख्येवरील अभ्यासांचे निष्कर्षही एकसारखे नाहीत. ब्रिटनच्या नोंदवहीतील धातूवर धातूचा सांधा बसवलेल्या पन्नास हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शस्त्रक्रियेनंतरच्या सुमारे सात वर्षांत हृदय निकामी होण्याचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. उलट ऑस्ट्रेलियातील माजी सैनिकांच्या नोंदींवरील अभ्यासात एएसआर मालिकेतील सांधा असलेल्या पुरुषांना हृदय निकामी होण्याच्या कारणाने रुग्णालयात दाखल करण्याचे प्रमाण अधिक दिसले. फ्रान्समधील अभ्यासातही थोडी वाढ आढळली. याचा सरळ अर्थ असा, की या गटातील सर्वांनी घाबरू नये आणि कोणीही बेसावध राहू नये. मूत्रपिंडे दुबळी असलेल्यांनी विशेष जपावे, कारण शरीरातील कोबाल्ट प्रामुख्याने लघवीवाटेच बाहेर पडते. कुपोषण आणि मद्यपान यांनीही धोका वाढतो.

सुदैवाने तपासणी अवघड नाही. रक्तातील कोबाल्ट आणि क्रोमियम मोजता येते. ब्रिटनच्या नियामक संस्थेने दर लिटरमागे ७ मायक्रोग्रॅम ही सावधगिरीची रेषा मानली आहे. तिच्या वर प्रमाण गेल्यास अधिक कसून तपासणी आणि वारंवार नोंद आवश्यक असते. ईसीजी आणि इको या चाचण्या आता तालुक्याच्या गावीही होतात. प्रश्न चाचणीचा नाहीच. कोणाची चाचणी करायची, हे ठाऊक असण्याचा आहे. आपल्या देशाची खरी शोकांतिका येथूनच सुरू होते.

हरवलेले रुग्ण

भारतात एएसआरच्या सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या. कंपनीने २०१० मध्ये सांधा परत मागवला, परंतु या रुग्णांपर्यंत ती वार्ता पोहोचवणारी कोणतीही यंत्रणा देशात नव्हती. हालचाल केली ती महाराष्ट्राने. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये या प्रकरणी मुंबईत पोलिसांकडे तक्रार नोंदवली. केंद्रीय पातळीवर आयातीचा परवाना रद्द होण्यास २०१२ उजाडले. रुग्णांना आणि डॉक्टरांना सावध करणारी सूचना निघायला त्यानंतरही विलंब लागला.

पुढे रुग्णांच्या पाठपुराव्यामुळे केंद्र शासनाने २०१७ मध्ये दिल्लीच्या मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालयाचे माजी अधिष्ठाता डॉ. अरुण अगरवाल यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली. २०१८ मध्ये समितीचा अहवाल जनतेसमोर आला. त्यातील एक बाब वाचून कोणत्याही संवेदनशील माणसाने अस्वस्थ व्हावे. साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांचा ठावठिकाणाच लागत नव्हता. ते कुठे आहेत, कसे आहेत, हयात आहेत की नाहीत, हे कोणी सांगू शकत नव्हते. समितीने प्रत्येक बाधित रुग्णाला किमान २० लाख रुपये भरपाईची शिफारस केली. त्यानंतर केंद्राने वय आणि अपंगत्वाचे प्रमाण लक्षात घेऊन ३० लाखांपासून सुमारे सव्वा कोटीपर्यंतचे सूत्र मान्य केले. कंपनीने त्याला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. २०१९ मध्ये फेरशस्त्रक्रिया झालेल्या ६७ रुग्णांना प्रत्येकी २५ लाख रुपये देण्याची तयारी कंपनीने न्यायालयात दर्शवली.

याच कंपनीने २०१३ मध्ये अमेरिकेतील सुमारे आठ हजार रुग्णांसाठी अडीच अब्ज डॉलरची तडजोड केली होती. म्हणजे दरडोई सरासरी तीन लाख डॉलरहून अधिक. सांधा तोच, दोष तोच, वेदनाही तीच. मोल मात्र देश पाहून ठरते. भारतीय माणसाची मांडी स्वस्त आहे काय, असा प्रश्न कोणाच्याही मनात उभा राहील आणि तो रास्तच आहे.

परंतु सारा दोष परकीयांच्या माथी मारून मोकळे होणे हा स्वाभिमान नव्हे, ती पळवाट ठरेल. ऑस्ट्रेलियाची लोकसंख्या महाराष्ट्राच्या चतुर्थांशाहूनही कमी. तिने नोंदवही ठेवली म्हणून तिला दोष दिसला. आपल्या रुग्णालयांनी नोंदी नीट ठेवल्या असत्या, तर साडेतीन हजार माणसे हरवली नसती. कंपनीने माहिती दडवली असेल तर तो तिचा अपराध. पण आपल्याच बांधवांची यादी आपल्यापाशी नसावी, ही आपली उणीव आहे.

सुधारणा आणि स्वावलंबन

या अनुभवातून देश काही शिकला, हेही नमूद केले पाहिजे. वैद्यकीय साधनांमुळे होणाऱ्या अपायांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१५ मध्ये सुरू झाला. वैद्यकीय साधनांसाठीची स्वतंत्र नियमावली १ जानेवारी २०१८ पासून अमलात आली. एप्रिल २०२० पासून सर्वच वैद्यकीय साधने कायद्याच्या कक्षेत आणण्यात आली. ग्राहक संरक्षणाच्या २०१९ च्या कायद्यात सदोष उत्पादनाबद्दल उत्पादकाला जबाबदार धरणारे स्वतंत्र प्रकरण आहे. २०१७ मध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर केंद्राने मर्यादा घातली, तेव्हा मध्यमवर्गीय कुटुंबांना मोठा दिलासा मिळाला.

स्वावलंबनाच्या दिशेनेही प्रयत्न झाले आहेत आणि त्यांत पुण्याचे स्थान मानाचे आहे. डॉ. कांतिलाल संचेती यांनी भारतीयांच्या गरजा आणि खिसा ध्यानात घेऊन ‘इंडस नी’ हा गुडघ्याचा स्वदेशी सांधा विकसित केला. असे प्रयत्न वाढले पाहिजेत. मात्र स्वदेशीचा अर्थ केवळ ‘येथे बनलेले’ एवढाच घेतला, तर आपण स्वतःचीच फसवणूक करू. जी कसोटी परकीय मालाला, तीच आपल्या मालाला लावणे, त्याच्या प्रत्येक अपयशाची प्रामाणिक नोंद ठेवणे आणि दोष दिसताच तो जाहीर करणे, हे स्वदेशीचे शील आहे. ते नसेल तर उद्या आपलाच एखादा सांधा आपल्याच माणसाच्या हृदयाशी वैर धरील.

घरोघरी करावयाचे काम

आता अखेरचा आणि महत्त्वाचा प्रश्न, आपण काय करायचे?

प्रथम घरापासून आरंभ करू. घरात कोणाचाही खुबा बदललेला असेल, तर आज घरी गेल्यावर कपाटातील रुग्णालयाची फाइल उघडावी. सांध्याच्या खोक्यावरचा छोटा चिकटकागद, ज्याला सर्वजण ‘स्टिकर’ म्हणतात, तो बहुधा शस्त्रक्रियेच्या कागदांवर डकवलेला असतो. त्यावर कंपनीचे नाव, सांध्याचा प्रकार आणि क्रमांक असतो. तो जपून ठेवावा, त्याची प्रत काढावी, मुलांनाही पाठवून ठेवावी. स्टिकर सापडला नाही, तर रुग्णालयाकडे लेखी अर्ज करून शस्त्रक्रियेची कागदपत्रे मागावीत. आपल्या उपचाराची कागदपत्रे मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे.

सांधा धातूवर धातूचा असल्याचे निष्पन्न झाले, तर त्रास नसला तरी वर्षातून एकदा अस्थितज्ज्ञांकडे जाऊन तपासून घ्यावे आणि रक्तातील कोबाल्टविषयी विचारावे. खुब्यात किंवा जांघेत दुखणे, सूज, चालताना आवाज येणे ही स्थानिक लक्षणे आहेत. धाप, पायांवर सूज, छातीत धडधड, ठोका चुकल्यासारखे वाटणे, भोवळ, अकारण थकवा, ऐकू कमी येणे, दृष्टी अंधुक होणे ही दूरची लक्षणे. यांपैकी काही जाणवल्यास हृदयरोगतज्ज्ञांना आवर्जून सांगावे, “डॉक्टरसाहेब, खुब्यात धातूचा सांधा आहे.” हे एक वाक्य एखाद्याचे प्राण वाचवू शकते. आपल्या मनाने औषध बंद करू नये, सांधा काढून टाका असा हट्टही धरू नये. तो निर्णय तज्ज्ञांनी रुग्णाशी बोलून घ्यायचा असतो. भोवळ येऊन माणूस कोसळला, तर मात्र क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

ज्यांची शस्त्रक्रिया अद्याप व्हायची आहे, त्यांनी तीन प्रश्न विचारण्यास संकोच करू नये. कोणत्या जोडीचा सांधा बसवणार? तो किती वर्षांपासून वापरात आहे? त्याचा क्रमांक लेखी मिळेल काय? चांगल्या डॉक्टरांना अशा प्रश्नांचा राग येत नाही. किंबहुना जागरूक रुग्ण हा त्यांचा सहकारीच असतो.

आता कार्यकर्त्यांसाठी. ग्राहकाच्या हक्काची चळवळ या शहराला नवी नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये अखिल भारतीय ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ याच पुण्यात रोवली. ग्राहक संरक्षणाचा कायदा संसदेत होण्याच्या बारा वर्षे आधीची ही गोष्ट. वजनमापातील फसवणुकीविरुद्ध ज्या चिकाटीने ते काम झाले, त्याच चिकाटीने हे काम व्हायला हवे. वस्तीत घरोघर संपर्क करताना आपण कुटुंबाची विचारपूस करतोच. तिच्यात एका प्रश्नाची भर घालावी. घरात कोणाचा खुबा बदलला आहे का, आणि २००६ ते २०१० या काळात बदलला असेल तर कोणता सांधा बसवला? कागद वाचता न येणाऱ्या आजोबांना तो वाचून दाखवावा. मुले परदेशी असलेल्या एकट्या आजींबरोबर एक दिवस रुग्णालयात जावे. नाव-पत्ता गुप्त ठेवावा, कोणाला घाबरवू नये, डॉक्टरांवर आरोप करत सुटू नये. शांतपणे माहिती द्यावी आणि योग्य जागी पोहोचवावे.

शासनाच्या यंत्रणेला जे साडेतीन हजार रुग्ण सापडले नाहीत, ते आकाशात गेलेले नाहीत. ते याच देशातील कोणत्यातरी वाड्यात, सोसायटीत, वस्तीत किंवा खेड्यात आहेत. त्यांतील कोणी आपल्या शेजारी राहत असेल, कोणी शाखेत किंवा भजनी मंडळात आपल्या मागे बसत असेल, आणि जिना चढताना लागणारी धाप ‘वय झाले’ म्हणून गिळत असेल. त्या दाराची कडी वाजवणारा कोणीतरी हवा. समाज संघटित असणे म्हणजे संकटाच्या वेळी आपल्या प्रत्येक माणसाचा पत्ता आपल्याला ठाऊक असणे. येत्या आठवड्यात प्रत्येकाने किमान पाच घरांत हा प्रश्न विचारावा, एवढीच विनंती करून हे विवेचन येथे पूर्ण होत आहे.